चालवणाऱ्याला पूर्ण टोल

कुवेतमध्ये टोल नाही, त्यामुळे टोलच्या सवलतीने मी एवढी हुरळून जाईन असं मलाही वाटलं नव्हतं. इथल्या फिंतास भागातल्या आमच्या मराठी ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकला: मुंबई-पुणे रस्त्यावर ज्येष्ठ चालकांना टोल निम्मा. मी तो ताबडतोब पुण्याला, मुलाला पाठवला.

त्याला कारण होतं. नवऱ्याची नोकरी संपत आली होती, आम्ही कायमचे परतणार होतो, आणि मुलाने फर्मान काढलं होतं, "आई, इकडे तू गाडी चालवायची नाहीस." इथल्या हायवेवर निम्मं आयुष्य काढलेल्या बाईला! निमित्त मीच दिलं म्हणा. गेल्या सुट्टीत त्याची गाडी घेऊन भाजीला जायचं म्हणून ऐटीत निघाले, डावं दार उघडलं, बसले, पट्टा लावला, तर समोर स्टिअरिंगच नाही. कुवेतची सवय, इथे स्टिअरिंग डावीकडे! तो पोट धरून हसला आणि मग एकदम गंभीर झाला. हसण्याचं काही वाटलं नाही, ते गंभीर होणं झोंबलं.

म्हणून फॉरवर्डखाली मी लिहिलं, "सवलत देतात, म्हणजे म्हातारे गाडी चालवतात हे सरकारला मान्य आहे."

लगेच फोन आला. "आई, खोटं आहे ते. अशी काही सवलत नाही. अर्धं तिकीट एसटीत मिळतं."

"ते बसणाऱ्याला. चालवणाऱ्याला कोण देतं?" म्हणून मी फोन ठेवला. पण आतून घाबरले होते. गाडी गेली की कोथिंबिरीच्या जुडीसाठीही कुणाच्या तरी सवडीची वाट बघायची.

पुढे सामान बांधायला तो स्वतःच इथे आला. खोकी आणायला फरवानियाला निघालो, तेव्हा साहेब तरातरा पुढे गेले, डावं दार उघडून ऐसपैस बसले आणि पट्टा लावून मोबाइल काढला. मग मान वर केली. समोर स्टिअरिंग.

मी चावी हातात घेऊन बाहेर उभी. हसू दाबताना जीव जायची वेळ आली. "चालवतोस का?" एवढंच विचारलं.

तो उतरला, वळसा घालून माझ्या शेजारी येऊन बसला. पहिल्या सिग्नलला खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुम्ही याल तेव्हा मुंबईला गाडी घेऊन येतो. पुण्यापर्यंत तू घे."

"आणि टोल?"

"पूर्ण भर."