पाठीवरचा निळा हात

बैलगाडी चढाला लागली की विठोजी हंचाटे हातातलं काम टाकून बघत उभा राहायचा. दोघांतला कोणता बैल ओढतोय आणि कोणता नुसता चालतोय, हे त्याला समजून घ्यायचं असे. चारजण मिळून लोखंडी तिजोरी जिन्यावर चढवत असले तरी हा आधी त्यांच्या पोटऱ्यांकडे बघे.

"विठोजी, तमाशा बघतोयस काय, हात लाव की!" कुणीतरी ओरडे.

मग तो हात लावी. आणि लावला की पुरता लावी.

तो चिकपेटेतला रंगारी. बेंगळुरात हंचाटे कोणत्या पिढीत आले ते घरात कुणालाच सांगता येत नसे. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड, असं पहिल्यापासून चालत आलेलं. दुकानदार कोरं सूत आणून टाकत, हंचाटे ते रंगवून देत. भिजलेलं सूत काठीवर घेऊन उकळत्या पिंपात वरखाली करायचं, पिळायचं, माडीवर वाळत घालायचं. पावसाळ्यात पुन्हा उचलून आत आणायचं. हे दोघा भावांचं काम होतं. पण गेली दोन वर्षं ते एकटा विठोजीच करत होता, कारण धाकटा रघुजी शर्यतीत सायकल चालवत असे.

रघुजी चांगला चालवायचा. मैसूर राज्यात त्याच्या पुढे कुणी नव्हतं. पण सगळ्या देशाच्या अजिंक्यपदाच्या शर्यतीत तो नेहमी दुसरा. दिल्लीला दुसरा, कलकत्त्याला दुसरा. सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराला, दोन वर्षांनंतरची ती शर्यत बेंगळुराला मिळाली, तेव्हा रघुजी एकतिसाचा होता. "अण्णा, आता नाही तर कधीच नाही," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून विठोजीनं रघुजीला पिंपापाशी फिरकूही दिलं नाही.

शर्यतीआधी एक भांडण उभं राहिलं. गावाबाहेरच्या एका यंत्रांच्या कारखान्यात वाल्टर नावाचा स्विस कारागीर यंत्रं बसवायला आला होता. मायदेशी तो सायकलच्या शर्यती धावलेला. दर रविवारी रघुजीबरोबर आनेकलपर्यंत जाऊन येई. त्यानं विचारलं, मलाही या शर्यतीत घ्याल का?

कमिटी बसली हणमंतरावांच्या कापडदुकानाच्या मागच्या खोलीत. हणमंतराव सायकल क्लबचे सेक्रेटरी. त्यांना गोरा हवा होता. "शोभा येईल हो! पेपरात फोटो येईल!"

"आणि पदक स्वित्झर्लंडला गेलं म्हणजे?" म्युनिसिपालिटीतले गुंडूराव उसळले. "अजिंक्यपद या देशाचं की त्याच्या देशाचं?"

"अहो, पण त्याला हरवून जो पहिला येईल, त्याची किंमत केवढी वाढेल!"

"आणि नाही हरवला तर? तोंड कुठं लपवायचं?"

शेवटी मध्यम मार्ग निघाला. वाल्टरनं धावावं, पण नंबराबाहेर. पहिला आला तरी तो मोजायचा नाही. सगळ्यांना बरं वाटलं, कॉफी आली.

विठोजी दाराशी बसला होता. त्याला बोलावलं होतं ते रंगासाठी. आनेकलला वळायचं, तिथं खांबाला रंगानं भिजवलेली गादी बांधलेली असायची. जाता जाता प्रत्येकानं तिच्यावर उजव्या हाताची थाप मारायची. हात रंगला नसेल तर अर्ध्या वाटेवरून वळला असं धरायचं. ही गादी दरवेळी विठोजीच करायचा. रंगात खळ घालून तो दाट करी, म्हणजे ओघळत नसे आणि घामेजल्या तळव्यावर बराच वेळ ओला राही.

"या वेळी दोन गाद्या कर," हणमंतराव म्हणाले. "आपल्यांना लाल, वाल्टरला निळा. घोटाळा नको."

"सरी, करतो," विठोजी म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पण राव, मोजणारच नाही तर तो जोर कशासाठी लावणार?"

"हौसेसाठी रे!" हणमंतराव हसले. खोलीतले सगळेच हसले.

विठोजीचं समाधान झालं नाही. कशासाठीही नसलेला जोर त्यानं कधी पाहिला नव्हता.

शर्यतीच्या दिवशी तो आनेकलच्या खांबाशी उभा होता. पहिला आला तो पतियाळ्याचा उंच सरदार, एकटाच. लाल गादीवर थाप मारून वळला. बऱ्याच वेळानं वाल्टर आणि त्याच्या चाकामागे रघुजी. वाल्टर शीळ घालत होता. रघुजीचं तोंड उघडं होतं, ओठ पांढरे. थाप मारताना त्याचा हात गादीच्या कडेलाच लागला. त्यानं भावाकडे पाहिलंही नाही.

विठोजीनं ओढणारा आणि नुसता चालणारा बैल आयुष्यभर पाहिलेला. रघुजी आज ओढत नव्हता. पुढं चिंचांचा चढ होता, आणि सरदार एवढा पुढं गेलेला. संपलं, असं त्यानं मनाशी धरलं. शेवटचा गडी वळेपर्यंत थांबला, गाद्या सोडल्या आणि कमिटीच्या लॉरीत बसला.

शर्यत लालबागेच्या फाटकाशी संपायची; तिथं लॉरी पोहोचली तर ढोल वाजत होते. रघुजी पहिला आला होता! वाल्टर त्याच्या किंचित पुढं, पण तो मोजायचा नव्हता. सरदार मागे पडलेला.

विठोजीला आनंद झाला. मोठा झाला. पण आनंदाच्या शेजारी लगेच दुसरं काहीतरी येऊन बसलं. कसा? त्या तोंडानं, त्या पायांनी, तो चढ?

रघुजीच्या गळ्यात हार घालून लोक त्याला अंबूबाईंकडे घेऊन आले. आईच्या पाया पडायला तो वाकला आणि विठोजीला त्याची पाठ दिसली. पांढऱ्या शर्टावर कमरेच्या जरा वर निळा पंजा उमटला होता. एकावर एक, दोन.

"कुणीतरी शाबासकी दिली वाटतं," अंबूबाई कौतुकानं म्हणाल्या.

शाबासकी खांद्यावर पडते. हा हात कमरेवर होता. शर्यत संपेपर्यंत रंग हँडलला पुसून वाळलेला असणार, मग एवढा ओला उमटला तो आनेकलपासून फार लांब नाही. आणि निळा हात त्या रस्त्यावर एकाचाच होता.

वाल्टर झाडाखाली केळं खात बसला होता. विठोजीनं त्याला काही विचारलं नाही, नुसतं रघुजीकडे बोट केलं आणि स्वतःच्या कमरेवर हात ठेवला.

वाल्टर खूष झाला. "रघु सुस्तु," त्याच्या मोडक्या कन्नडात तो म्हणाला. रघु दमला होता. "नानु स्वल्प..." आणि त्यानं आपला निळा तळवा विठोजीच्या कमरेला लावून हळूच ढकललं. मी थोडंसं. मग छातीवर, जिथं बाकीच्यांना नंबर होता तिथं, बोट फिरवून हात हलवले. मला नंबर कुठं होता? त्याच्या चेहऱ्यावर चोरी नव्हती. मित्राला चढ चढवून दिला, एवढंच.

हणमंतरावांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर विठोजीला आता मिळालं होतं.

नळाशी पतियाळ्याचा सरदार हात घासत होता. "भाईसाब, ये रंग कब उतरेगा?"

"चार आंघोळी," विठोजी म्हणाला. त्याला सरदाराकडे बघवेना.

कपडे बदलायच्या तंबूत रघुजी एकटा होता. विठोजी आत गेला, पडदा ओढला.

"वाल्टरनं ढकललं."

रघुजी हार काढत होता. हात थांबले. "मी सांगितलं नव्हतं त्याला."

"नको म्हणालास?"

"दम कुठं होता बोलायला?" मग त्याचा आवाज चढला. "आणि तो शर्यतीत होता का, अण्णा? कमिटीच म्हणते नव्हता. मग वाऱ्यानं ढकललं असतं तर? वाऱ्याला बाद करणार होतास?"

"वारा सरदारालाही लागतो."

रघुजी स्टुलावर बसला. बुटाची नाडी सोडू लागला. "दोन वर्षं माझ्या वाट्याचं सूत कुणी पिळलं? सरदाराचा भाऊ पिळतो त्याचं? तोही धक्काच की. तो चालला तुला."

हे विठोजीला कधी सुचलं नव्हतं. बाहेर ढोल वाजत होते. त्यानं आपल्या दंडांकडे पाहिलं. त्या दोन वर्षांत ते चांगलेच भरले होते.

"मी ढकललं ते चिकपेटेत," तो शेवटी म्हणाला. "रस्त्यावर नाही." पण बोलताना त्याला स्वतःलाच ते अपुरं वाटलं.

अंबूबाईंनी फोटोसाठी इस्त्रीचा शर्ट दिला होता. तो त्यानं पिशवीतून काढला, भावाच्या शेजारी ठेवला.

"पदक घ्यायला वाकशील तेव्हा पाठ दिसेल. हा घालून जा, नाहीतर आहेस तसा जा. मी कुणाला काही सांगणार नाही."

आणि तो गाद्या धुवायला नळाशी गेला. लाल आधी धुतली, मग निळी. तंबूकडे मान वळवायची नाही असं ठरवलं होतं, तरी वळली.

नाव पुकारलं गेलं. रघुजी बाहेर आला तो मळक्या शर्टातच. टेबलापाशी गेला. हणमंतराव पदक घेऊन पुढं झाले, तर हा वळला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"अरे, इकडं तोंड कर!"

"आधी बघा," रघुजी म्हणाला.

बघायला वेळ लागला. कळायला त्याहून जास्त. मग जो गोंधळ उडाला, त्यात वाल्टरला काय झालं तेच समजेना. तो सारखा "स्वल्प, स्वल्प" म्हणत होता. रघुजीला बाद केलं आणि पदक सरदाराच्या लाल हातात गेलं. त्यानं ते घेतलं, आणि जाताना रघुजीच्या खांद्यावर थाप मारली. त्या थापेचा डाग पडला नाही.

"दोन रंग केलेस म्हणून हे झालं!" हणमंतराव विठोजीवर खेकसले.

"तुम्हीच सांगितलेत, राव."

पुढच्या बैठकीत ठरलं की यापुढे परदेशी नको. कुणी सहज म्हणून विठोजीलाही विचारलं, तेव्हा तो दाराशी बसूनच बोलला. "नको असेल तर घेऊ नका. घेतलात तर नंबर द्या, पहिला आला तर पदक द्या. ज्याला स्वतःला जिंकायचंय तो दुसऱ्याला ढकलत बसत नाही. ज्याला काहीच मिळणार नाही, त्याचा जोर कुणाच्या पाठीवर जाऊन पडेल ते सांगता येत नाही."

"म्हणजे पदक गेलं तरी चालेल?" गुंडूराव म्हणाले.

"गेलं तर त्याचा चढ तो चढला म्हणून जाईल."

कुणी ऐकलं नाही. कॉफी आली.

शर्टावरचा हात चार आंघोळींनी काय, वर्षभरातही गेला नाही. शेवटी विठोजीनं सगळा शर्टच निळ्या पिंपात बुडवला. तरी ओला झाला की त्या जागी गडद दिसायचा.

रघुजीनं तोच घातला. एकदा शेवटचं म्हणून पुढच्या साली मुंबईला गेला. पण त्याआधीचं वर्षभर पहाटे उठून आपल्या वाट्याचं सूत त्यानं स्वतः बुडवलं, स्वतः पिळलं, आणि मगच सायकल काढली. विठोजीनं एकदा काठीला हात घातला तर म्हणाला, "अण्णा, ठेव ती."

मुंबईत तो नववा आला. परत आला, आंघोळ करून पानावर बसला. विठोजी समोर बसून बघत होता. त्याला विचारल्याशिवाय राहवेना.

"कसं गेलं?"

रघुजीनं भात कालवला. थोडा विचार केला.

"जड," तो म्हणाला, आणि आणखी भात मागितला.