धर्माला लागलेला हात

तो पाणी प्यायला आणि परसात पळत जाऊन भडभडा ओकला. चांगला वकील होता, नवी पगडी घालून आलेला. आत दिवाणखान्यात टाळ्या चालूच होत्या. "सुटला! जातीतून सुटला!" कुणीतरी ओरडत होतं. तो तोंड पुसून आत गेला आणि जाजमावर बसला. मग मला हाक आली.

"अगं ए, परसात घाण झालीय. साफ कर."

केली. माझ्याच हातचं पाणी माझ्याच हाताने गटारात लोटलं.

ही ठाकूरद्वारची एक वाडी. मी ती झाडायचे. जातीने महारीण. परळहून चालत यायचे, चालत जायचे. वाडीत एक विद्वान राहायचे, मंडळी त्यांना आचार्य म्हणायची. त्यांनी नवा धर्म काढला होता. देव एक, माणूस एक, जात खोटी. धर्म चांगला होता हो. म्हणून तर जास्त राग येतो.

तो धर्म कसा जन्मला ते आचार्य दर रविवारी सांगायचे. "एका सकाळी मला प्रकाश दिसला आणि मी अंत्यजाच्या हातचं पाणी प्यायलो." ऐकणाऱ्यांचे डोळे भरायचे. तो अंत्यज म्हणजे मी! गटार काढत होते. त्यांनी वरून हाक मारली, "इकडे ये, मला पाणी पाज." मला वाटलं, आता मार बसणार. दुरूनच जमिनीला डोकं टेकलं. "नको मायबाप, पाप लागंल." ते खेकसले, तेव्हा दिलं. एरंडेल प्यावं तसं डोळे घट्ट मिटून त्यांनी ते गिळलं. गोष्टीत हे एरंडेल कधी यायचं नाही. माझं नावही यायचं नाही. नाव त्यांनी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून रीतच पडली. धर्मात यायचं तर सगळ्यांदेखत माझ्या हातचा पेला प्यायचा. मग जाजमावर मंडळींना लागून बसायचं, एकाच पावाचा तुकडा मोडून खायचा. पेला वेगळा, परसातल्या कोनाड्यात ठेवलेला. मी पायरीखाली उभी राहून तो द्यायचे आणि पायरीखालीच थांबायचे.

तिथून सगळं ऐकू यायचं. ऐकून ऐकून मला ते खरं वाटलं. वाटणारच की! इतकी शिकलेली माणसं खोटं कशाला बोलतील? मला त्या जाजमावर बसायचं होतं. बाकी काही नको. एकदा बसायचं आणि मनात म्हणायचं, मी यांच्यातली.

नवरा गिरणीत होता. तो हसायचा. "काय गं, भेटला का तुझा नवा देव?"

"भेटंल," मी म्हणायचे.

शेवटी जीव मुठीत धरून बोलले. "आचार्य, मला बी दीक्षा द्या."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. लहान पोराला समजावतात तसे प्रेमाने म्हणाले, "वेडी आहेस का? तुला दीक्षा दिली तर तू महारीण कुठे राहिलीस? मग तुझ्या हातचं पाणी पिऊन कुणाची जात जाणार?"

घरी जाताना भायखळ्याच्या पुलावर मी उभी राहिले आणि संतापाने रडले. माणसं बघत होती. बघू देत. यांना जात मोडायची होती, आणि ती मोडायला यांना एक महारीण लागत होती. मी खाली राहिले तरच यांचा मोक्ष.

पुढच्या रविवारी बडा माणूस आला, पेन्शनीत निघालेला मुन्सफ. दिवाणखाना गच्च भरलेला. तो पायरीशी आला, पेल्यासाठी हात पुढे केला. मी पेला उचलला आणि स्वतः प्यायले. थेंब ठेवला नाही. मग पायरी चढले, आत गेले, जाजमावर बसले.

सगळे उठले! अहो, एकजात सगळे. माझ्या हातचं पाणी पिऊन जे सुटले होते ते धोतरं सावरत भिंतीला चिकटले. तो वकीलसुद्धा. जाजमावर मी एकटी.

आचार्य ओरडले. "ऊठ, नीच! धर्म बुडवलास माझा!"

"जाजम तुमचं तुम्ही धुवा," मी म्हटलं. "मी आता कुणाची घाण काढणार नाही."

वाडीच्या गड्याने मला काठीने ढोसत, झोडपत बाहेर काढलं. हात लावायचा नव्हता ना! वाडीचं काम गेलं. त्या दिवशी नवरा हसला नाही. पाठीवरच्या वळांना तेल लावत बसला.

धर्म काही बुडला नाही. त्यांनी भायखळ्याकडची एक तरणी विधवा आणली, आमच्यातलीच. तीही पायरीखाली उभी राहू लागली. टाळ्या पुन्हा सुरू.

एका रविवारी मी वाडीच्या तोंडाशी तिला गाठलं. सगळं सांगितलं. तिला पटेना. "पण बाय, देवमाणूस हाय तो," म्हणाली.

"मग जाजमावर बसायला माग आज. काय म्हणतो ते ऐक."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. माझ्याकडे न बघता भरभर चालत गेली. पुढच्या रविवारी आली नाही.

तिसरी आणतील. आणू देत. मी दर रविवारी त्या तोंडाशी उभी असते. काठी खाल्लीय, आणखी खाईन, पण यांचं शौर्य दाखवायला आमची एकही बाई त्या पायरीखाली उभी राहू देणार नाही. खरंच प्यायचं असेल तर परळला या. माझ्या दारात बसा, माझ्या मडक्यातलं प्या. टाळ्या वाजवायला तिथे कुणी नसेल.