मांजरीची नखं आणि सासूबाईंचे हात

शुक्रवार, सात नोव्हेंबर. सकाळी सासूबाईंच्या हाताची पट्टी बदलत होते. त्या रक्त पातळ राहण्याची गोळी घेतात आणि कातडी झालीय कांद्याच्या सालीसारखी. मांजर मांडीवरून उडी मारते, नखं लागतात, मग रक्त लवकर थांबत नाही.

जेवताना नवऱ्याने निकाल देऊन टाकला: तिकडे राबिघ शहरातल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये आपले गाववाले आहेत, त्यांना मांजर देऊन टाकू. मुलीने ताट सरकवलं. सासूबाई तर पट्टी बांधतानाही मांजरीला मांडीवरून उतरवेनात. शेजारच्या हैदराबादी बाईने पूर्वी आपल्या मांजरीची नखं ऑपरेशन करून कायमची काढून घेतली होती. मला ते सोयीचं वाटलं. नखं गेली की मांजरही राहील आणि हातही धड राहतील. संध्याकाळी मुलीला आणि मांजरीला घेऊन अल अझीझियातल्या जनावरांच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर मुलतानचा, पन्नाशीचा. मी हिंदीत काम सांगितलं. मला बाजी, म्हणजे ताई, म्हणत तो नाही म्हणाला. आता मुक्या जिवावर दया करा वगैरे ऐकावं लागणार, असं मला वाटलं. तसं झालं नाही. त्याने स्वतःच्या बोटाचं टोकाचं पेर चिमटीत धरलं आणि सांगितलं, की नख एकटं निघत नाही, इथून हाडासकट कापावं लागतं. नवीन असताना त्यानेही ही ऑपरेशनं केली होती, लोक मागायचेच. आता करत नाही. करणारे अजून आहेत, पण त्यांचा पत्ता तो देणार नव्हता.

"मग माझ्या सासूने काय करायचं?" मी विचारलं.

"नखं काढलेल्या मांजरी चावायला लागलेल्या मी पाहिल्यात, बाजी. त्यांच्या वयाला ओरखडा परवडला, चावा नाही."

दयेवर मी वाद घातला असता. हे ऐकून मात्र घरी काय करता येईल ते विचारलं. पंजा हलके दाबला की नख बाहेर येतं, पांढरं टोक तेवढं कापायचं, आतला गुलाबी भाग सोडायचा, हे त्याने दाखवलं. दोन नखं माझ्याकडून कापून घेतली आणि सासूबाईंच्या मांडीवर जाड टॉवेल घालायला सांगितलं.

"म्हणजे आता हिचा न्हावीही तूच," घरी आल्यावर नवरा म्हणाला. महिनाभर बघू, एवढं मात्र त्याने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना उमऱ्याच्या यात्रेसाठी मक्केला न्यायचं होतं. सकाळी मी मांजरीला टॉवेलात गुंडाळून नेलकटर उघडला, तर सासूबाईंनी आपलाच हात पुढे केला. यात्रेचा इहराम बांधल्यावर, तो सुटेपर्यंत नखं कापता येत नाहीत.

"आधी माझी काप गो. तिला कुठे मक्केला जायचंय?"

मी आधी त्यांची कापली, मग मांजरीची. मग टॉवेल झटकला आणि पाण्याच्या बाटल्या गाडीत नेऊन ठेवल्या.