दादाची शेंडी

ठाण्याला नव्या कचेरीचं बांधकाम चाललं होतं. माझा थोरला भाऊ, दादा, तिथे कारकून होता. एके सकाळी तो परांचीवरून खाली दगडांवर पडला. मांडी मोडली, दोन बरगड्या मोडल्या आणि डोक्याला मागच्या बाजूला, नेमकी शेंडीखाली, खोक पडली. चार माणसांनी बाजेवर घालून इस्पितळात आणला. मी पोहोचलो तेव्हा मांडीला फळ्या बांधून झाल्या होत्या. हाक मारली की कण्हायचा, डोळे मात्र उघडत नव्हता.

डॉक्टर आपल्यातलेच होते. म्हणाले, "मांडीचं नंतर पाहता येईल. कवटीचं हाड आत दबलंय. क्लोरोफॉर्म देऊन ते उचलायला हवं, आत्ताच. सगळे केस काढावे लागतील."

"बाकीचे काढा," वडील म्हणाले. "शेंडी राहील."

"जखम शेंडीखालीच आहे हो."

"शेंडी गेल्यावर आम्ही ब्राह्मण राहिलो कुठे? कल्याणला शास्त्रीबुवांना विचारून येतो, मग बघू."

वडील हट्टाला पेटले की देवानंही हात टेकावेत. उपरणं सावरत ते स्टेशनाकडे चालू लागले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही सख्खे भाऊ ना? तुम्ही हो म्हणा, मी सुरू करतो."

मी पंचवीस वर्षांचा घोडा. शाळेत इंग्रजी शिकवायचो, मित्रांत बसून सुधारणेच्या बाता मारायचो. मी स्टेशनाच्या वाटेकडे पाहिलं. व्हरांड्यात वहिनी उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "भावोजी, हो म्हणा ना. मी पाया पडते तुमच्या."

मी म्हटलं, "वडील येऊ देत." आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुपार उलटली. दादाचा श्वास घरघरू लागला, एका डोळ्याची बाहुली मोठी झाली. वडील घामाघूम होऊन परतले, पण चेहरा खुललेला होता. शास्त्रीबुवांनी एका शब्दात परवानगी दिली होती. जीव वाचवायचा तर शेंडी कसली धरून बसता, मागाहून प्रायश्चित्त घ्या, म्हणाले. डॉक्टरांनी हाड उचललं. दिवस मावळायच्या आत दादा गेला.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "सकाळी केलं असतं तर कदाचित..." घरी मी सांगितलं की कशाचाच उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. वडिलांनी ते घट्ट धरलं आणि भेटायला येईल त्याला ऐकवत राहिले.

दहाव्या दिवशी वडिलांनी वहिनींसाठी न्हावी बोलावला. वीस वर्षांची पोर ती. मागच्या पडवीत पाट मांडला होता. मी दारात उभा राहिलो. या खेपेला बोलायचंच, असं ठरवून आलो होतो. वहिनींनी मान वर करून मला पाहिलं. मग न्हाव्याकडे वळून म्हणाल्या, "आटपा लवकर."

माझ्याकडे त्यांनी काही मागितलं नाही.