शुक्रवारी पळणारं मशीन

आबा कॉम्प्युटरसमोर कधीच ताटकळत बसले नाहीत. पार्ट नंबर टाइप करायचा, एंटर दाबायचं आणि पडद्याकडे ढुंकूनही न बघता गोदामात निघून जायचं. चौथ्या रांगेतल्या वरच्या फळीवरून बेअरिंग काढून, पुसून, काउंटरवर आणून ठेवलं तरी पडदा अजून विचारच करत असायचा. मग ते गिऱ्हाइकाला शांतपणे हिंदीत सांगत, "माल आ गया. अभी मशीन को पता चलना बाकी है."

कुवेतच्या शुवैख भागात पंपांचे सुटे भाग विकणारी आमची कंपनी होती आणि आबा तिथले स्टोअरकीपर. मूळचे मालवणजवळच्या एका खेड्यातले. युद्धाचा काळ सोडला तर वीसेक वर्षं त्यांनी कुवेतमध्ये एकट्याने काढली होती, खैतानमध्ये सात जणांच्या खोलीत. मी पुण्याहून आलेला, कॉम्प्युटर विभागातला. बायको आणि मुलीसह अबू हलीफाला समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटमध्ये राहणारा. आबांच्या लेखी मी शिकलेला माणूस होतो. हा शब्द ते ज्या सुरात उच्चारत, त्यात कौतुक फारसं नसे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कंपनीत नवं सॉफ्टवेअर आलं. साठ जण एका वेळी काम करणार म्हणून ते पुरवणाऱ्यांनी तेवढ्या ताकदीचा सर्व्हर सुचवला होता. आमचे फायनान्स मॅनेजर दामले यांनी त्या कागदावर आडवी रेघ मारली. मेमरी निम्मी केली, डिस्क एकच ठेवली. त्याच महिन्यात मीटिंग रूममध्ये अक्रोडाच्या लाकडाचं टेबल आलं, भोवती चोवीस खुर्च्या. कंपनीत निर्णय घेणारी माणसं तीन. टेबल मात्र कमी मापाचं चालेल असं कुणाला वाटलं नाही.

दामल्यांच्या रेघेखाली सही माझी होती. हे यंत्र पुरणार नाही, हे मला दिसत होतं. पण माझा अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, तेव्हा नूतनीकरणाला निघाला होता आणि त्या अर्जावर दामल्यांची सही लागत होती. मी त्यांच्या कागदावर सही केली, त्यांनी माझ्या.

मग व्हायचं तेच झालं. सकाळी सगळे कामाला बसले की स्क्रीन गोठायची, बिल निघायचं नाही, ट्रकवाले आवारात हॉर्न वाजवत राहायचे. दामल्यांनी चौकशी केली आणि कारण शोधून काढलं: स्टोअरची माणसं म्हातारी झाली, त्यांना कॉम्प्युटर जमत नाही. आबा आणि त्यांचे दोन सहकारी यांच्यासाठी प्रशिक्षण ठेवलं गेलं. अक्रोडाच्या टेबलाशी बसवून त्यांना कीबोर्ड दाखवण्यात आला. आबा पहिल्या खुर्चीवर बसले, सगळं ऐकलं, हजेरीपटावर सही केली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "वीस वर्षांनी माका बटण दाबूक शिकवल्यानी. आता मशीनाक धावूक कोण शिकवतलो?"

प्रशिक्षणानंतरही मशीन धावलं नाही. तेव्हा तिघांच्या हातात पत्रं पडली: करार पुढे वाढवला जाणार नाही.

त्या दुपारी आबा एक शाळकरी वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. दीड महिना ते मनगटावरच्या घड्याळावर वेळ लावून लिहीत होते. शनिवारी सकाळी नऊ वाजता एका पार्टची स्क्रीन उघडायला चार मिनिटं. शुक्रवारी तीच स्क्रीन तीन सेकंदांत. शुक्रवार तिथला सुट्टीचा दिवस; तेव्हा कुणाला तातडीचा माल हवा असला की आबा एकटेच येऊन गोदाम उघडत.

"ह्यां मशीन खुळां नाय, ल्हान आसा," ते म्हणाले. "आमच्या खोलीत सात जणांक एक न्हाणी. सकाळी सगळे रांगेत उभे. म्हणजे काय आमका न्हावक येणा नाय?"

मी चार वर्षं शिकून जे पदवीच्या कागदावर मिळवलं होतं, ते या माणसाने न्हाणीच्या दारात उभं राहून मिळवलं होतं. मी वही चाळली आणि बघतो म्हणालो. बघतो म्हणजे काय, हे आबांना कळत होतं. ते वही घेऊन सरळ वरच्या मजल्यावर मुदीरकडे गेले. मुदीर म्हणजे कंपनीचे कुवेती मालक; आबांनी त्यांच्या वडिलांच्या हाताखालीही काम केलं होतं.

मुदीर दामल्यांना घेऊन काउंटरवर आले. आबांच्या सांगण्यावरून मी सगळ्या टेबलांवर फिरून साठ जणांना प्रोग्रॅममधून बाहेर काढलं. आबांनी एंटर दाबलं. बोट उचलायच्या आत स्क्रीन आली. मग सगळे परत आत शिरले आणि आबांनी पुन्हा एंटर दाबलं. मुदीरसाठी चहा आला, त्यांनी तो सावकाश संपवला, ग्लास परत गेला. पडदा होता तसाच.

मुदीरनी विचारलं, पुरवठादाराने सर्व्हर कोणता सांगितला होता? दामले म्हणाले, त्यांनीच हा सांगितला होता, आपली फसवणूक झाली. तो रेघ मारलेला कागद माझ्या खणात होता, माझ्यापासून दहा पावलांवर. मी जमिनीकडे बघत उभा राहिलो.

महिन्याभरात मोठा सर्व्हर आला. दामल्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक करणारं परिपत्रक निघालं; त्याचा मसुदा दामल्यांचाच होता. दोघा सहकाऱ्यांची पत्रं मागे घेतली गेली. आबांचं नाही. मुदीर उन्हाळ्यासाठी परदेशी गेले होते आणि आबांची साठी उलटल्याचं दामल्यांना तेवढ्यात आठवलं.

विमानतळावर आबांना मी सोडायला गेलो. वाटेत ते सहकाऱ्यांबद्दल बोलत होते. त्यांच्या मुलांची शिक्षणं आता पुरी होतील, याचं त्यांना बरं वाटत होतं. न राहवून मी त्यांना त्या कागदाचं, माझ्या सहीचं, खणाचं सगळं सांगितलं.

त्यांनी रागावावं अशी माझी फार इच्छा होती. गाडी थांबली. आबांनी उतरून डिकीतली बॅग स्वतः काढली, मला हात लावू दिला नाही. मग खिडकीशी वाकून विचारलं,

"तुका पयल्यापासून म्हायत होतां. मग बोलूक इतको येळ कित्याक लागलो?"

उत्तरासाठी ते थांबले. खरोखर थांबले, बॅग हातात धरून. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि आत गेले.