अव्वाची समाधी आणि विमानतळाचं कुंपण

आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. खड्डा खणून त्यात मांडी घालून बसवतात, तळहातावर त्याच्या गळ्यातलं लिंग ठेवतात, भस्म आणि बेल वाहून माती लोटतात. जागा शक्यतो स्वतःच्या रानातली. त्यामुळे मेल्यावर आपण कुठे बसणार हे आमच्याकडच्या माणसाला जिवंतपणीच ठाऊक असतं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही ते ठाऊक होतं. अव्वा, माझी आई, मी शाळेत असतानाच गेली. तिची समाधी गावाबाहेर आमच्या माळावर होती आणि तिच्या शेजारची जागा आप्पांनी स्वतःसाठी राखली होती. तेवढ्या तुकड्यात ते ज्वारीही पेरू देत नसत.

पुढे जिल्हा नवा झाला. त्या वर्षी पाऊस नव्हता. विहिरी तळाला गेलेल्या, टँकर आला की बायकांची भांडणं. पण गावाच्या अंगात जिल्हा संचारला होता. जिल्हा म्हटल्यावर कलेक्टर आला, मोठा दवाखाना आला, मग विमानतळ का नको? प्यायला पाणी नाही तिथे विमान कशाला, असं विचारणारा एक शहाणा निघाला नाही. आप्पा तर सगळ्यांच्या पुढे. त्यांचं तूर-हरभऱ्याचं आडत दुकान होतं. नांदेडच्या पलीकडे ते फारसे गेलेले नव्हते, पण येईल त्या गिऱ्हाइकाला चहा पाजून सांगायचे, "आपली डाळ उद्या दुबईत शिजंल, बघा."

मोजणीचे लोक आले तेव्हा सपाट रान कुठे आहे हे आप्पांनीच उन्हात हिंडून दाखवलं. सगळ्यांत सपाट आमचाच माळ निघाला, याचाही त्यांना अभिमान. त्या लोकांच्या चहापाण्याला त्यांनी घरातली भरलेली घागर दिली. त्या घागरीचा मला अजून राग येतो.

शाळेच्या पटांगणात सभा झाली. विमानतळाचं काम बघणाऱ्या साहेबांनी सरकारचं धोरण वाचून दाखवलं. पहिलं प्राधान्य जगाशी जोडणीला. इथला माल परदेशात जाणार, तिकडचा पैसा इकडे येणार. दुसरं प्राधान्य शेजारच्या गावांना. पोरांना नोकऱ्या, पक्का रस्ता, पाण्याची सोय. ऐकताना मलाही खरंच वाटलं. शेवटी आप्पा उठले.

"साहेब, त्या रानात आमच्या मंडळींची समाधी हाय. आन् तिच्या बाजूला माझी जागा ठिवलेली हाय. त्याचं कसं?"

साहेब भले होते. म्हणाले, "समाधी जशीच्या तशी राहील. जाण्यायेण्याची वाटही राहील. शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, असं धोरणच आहे. पण आप्पा, आधी विमानात तर बसा. समाधीत बसायची एवढी घाई कशाला?"

सगळे हसले. सगळ्यांत जास्त आप्पा हसले.

दुष्काळी कामावर आमच्याच गावच्या बायकांनी त्या धावपट्टीची खडी फोडली. भाकरी बांधून घ्यायच्या आणि दिवसभर माळावर बसायच्या. पोटाला काम मिळालं, हे मी नाकारत नाही. पण विमानतळाने गावाला दिलेलं काम तेवढंच, हेही खरं आहे.

सरकारने माळ घेतला तेव्हा सुरुवातीला हद्दीवर नुसते चुन्याने रंगवलेले दगड होते. आप्पा दर सोमवारी बेल घेऊन जायचे, समाधी झाडायचे, थोडा वेळ तिथे बसून यायचे. मग तारेची जाळी आली. साहेब बदलले. नव्या साहेबांनी फाटकातून फक्त सोमवारी सोडायचं ठरवलं, त्यांच्यानंतरच्यांनी फक्त श्रावणात. धावपट्टी वाढवायची निघाली तेव्हा तेही बंद झालं. सुरक्षा म्हणे. मी माहेरी आले की बघायची, आप्पा जाळीच्या तारेत बेलाचं पान खोचून परत यायचे. एकदा मी चिडून म्हणाले, "तुम्हीच दाखवलंत ना रान त्यांना." ते म्हणाले, "दाखवलं की. गावाचं भलं हुईल वाटलं, बाई." त्यांचा उत्साह खोटा नव्हता, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

विमान कधीमधी यायचं. कुणी मंत्री यायचे, गाडीत बसून निघून जायचे. आमची डाळ ट्रकनेच जात राहिली. आप्पा विमानात बसले नाहीत.

थकल्यावर त्यांचं एकच मागणं होतं. "मला तितंच न्या." अण्णाने, माझ्या भावाने, ऑफिसांचे उंबरे झिजवले. सगळे चांगलं बोलायचे, पाणी विचारायचे आणि आत दफन करता येणार नाही म्हणायचे.

आप्पा गेले त्या दिवशी अण्णा फाटकावर जाऊन उभा राहिला. पहारेकरी आमच्याच गावचा होता. तो खाली बघत म्हणाला, "अण्णा, मला लई वाईट वाटायलंय. पर माझ्या हातात काईच न्हाई." इकडे घरी आप्पांना भिंतीला टेकवून बसवलेलं, भस्म लावलेलं, गळ्यात हार. त्यांना असं ताटकळत बसलेलं बघणं मला सोसत नव्हतं.

जाळीच्या अलीकडे आमच्या रानाची एक चिंचोळी पट्टी उरली होती. विधी करायला आलेल्या स्वामींनी ती पाहिली आणि म्हणाले, "हितंच खणा. तोंड उत्तरंला करा." उत्तरेला अव्वाची समाधी होती. आप्पांना तसंच बसवलं. समोर जाळी, जाळीपलीकडे ती. शेजारची राखलेली जागा मोकळीच राहिली, आता तिथे गवत वाढलंय.

मी गेले की दोघांसाठी बेल नेते. आप्पांवर वाहते, अव्वाचा जाळीतून आत टाकते. तो तिच्यापर्यंत पोचत नाही. वाऱ्याने उडून धावपट्टीवर जाऊन पडतो. तिथे हल्ली दुसरं काही उतरत नाही.