यार्डातला दसरा

पोलिसांनी गाड्या जप्त करण्याच्या विरोधात आमच्याकडे सभा झाली, तिथे भाषण करायला मी स्कूटरवरून गेलो आणि स्कूटर 'नो पार्किंग'च्या पाटीखाली लावली.

भाषण रंगलं होतं. "उद्या तुमच्या डोळ्यांदेखत गाडी उचलतील आणि तुम्ही बघत राहाल!" असं मी म्हणालो आणि समोरची माणसं हात वर करकरून ओरडायला लागली. मला वाटलं, सभा जिंकली. मी आवाज आणखी चढवला. माझ्या पाठीमागून टोइंगवाल्यांच्या टेम्पोत चढून माझी स्कूटर निघाली होती, हे मी सोडून अख्ख्या दहिसरने पाहिलं.

विषय गंभीर होता हो. आमच्या भागात नवा आदेश निघाला होता. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून कोणी काही विकताना दिसलं की पोलिसांनी सरळ गाडीच उचलायची. सुनावणी होईल तेव्हा होईल, तोवर गाडी यार्डात. म्हणजे गुन्हा ठरायच्या आधीच शिक्षा सुरू, आणि तीही गाडीला. रस्ते मोकळे हवेत, हे आम्हालाही कळत होतं. पण त्यासाठी माणसाचं पोट उचलून न्यायचं?

उचललेल्या गाड्यांत आमच्या चाळीतल्या काकीची व्हॅन होती. काकी मालवणकडची. चेकनाक्याजवळ व्हॅन लावून सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्यांची उसळ विकायची. ट्रकवाले, रिक्षावाले आणि डबा विसरणारे माझ्यासारखे नोकरदार तिच्या जिवावर जगायचे. तिला सुनावणीची भीती नव्हती, भीती होती यार्डाची. तिथे बॅटऱ्या गायब होतात, उंदीर वायरी खातात. निकाल आपल्या बाजूने लागला तरी हाती येतो तो सांगाडा. आणि दुसरी व्हॅन घेणं तिला या जन्मी जमणारं नव्हतं.

माझ्या त्या ऐतिहासिक भाषणानंतर पुढे काय करायचं यावर चर्चा झाली. कोणी म्हणालं, रास्ता रोको करू.

"कशाने करणार?" एक रिक्षावाला म्हणाला. "गाड्या आहेत कुठे आपल्याकडे?"

मागे बसलेली काकी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "दसरो इलो. गाडीची पूजा करूक नको? गाडी जंय आसा, थंय जावन करूची."

दसऱ्याच्या सकाळी यार्डाच्या फाटकासमोर ही गर्दी. झेंडूचे हार, आंब्याच्या डहाळ्या, नारळ, लिंबं. हवालदार पुढे आला.

"मोर्चाला परवानगी नाही."

"मोर्चा कुठाय? पूजा आहे," काकी म्हणाली. "तुमच्या जीपला बघा किती छान हार घातलाय सकाळीच. आमच्या गाड्यांनी काय पाप केलंय?"

हवालदाराने जीपकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं आणि यार्डाच्या साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी विचार केला आणि म्हणाले, "फक्त गाडीमालक आत येतील. पुढारी बाहेर." मी पुढारी म्हणून मुकाट्याने मागे वळलो, आणि मग आठवलं, अरे, मी पण मालक आहे! दंड भरून स्कूटर केव्हाच सोडवता आली असती, पण तिचे कागद डिकीत होते आणि डिकी यार्डात. आयुष्यात पहिल्यांदा माझा वेंधळेपणा कामी आला.

आत गेलो.

इतक्या गाड्या मी कधी इतक्या गप्प उभ्या पाहिल्या नव्हत्या. एका टेम्पोच्या खिडकीतून वेल आत शिरून दुसऱ्या खिडकीतून बाहेर आला होता. एका मोटारीवर कुणाच्या तरी लग्नाच्या फिती अजून होत्या, मळून राखाडी झालेल्या. रिक्षाच्या सीटवर मांजर व्याली होती. माणसं आपापली गाडी शोधत होती, आणि सापडली की आधी नुसता हात लावत होती, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तसा. मग बाटलीतलं पाणी काढून पुसापुशी, कुंकवाचं स्वस्तिक, हार.

काकीने व्हॅनला हार घातला आणि उरलेली फुलं घेऊन शेजारच्या बेवारशी रिक्षावर एक ठेवलं. मग पलीकडच्या टेम्पोवर. तिचं बघून सगळ्यांनीच सुरू केलं. "त्या कोपऱ्यातल्या बसला कोणी नाही, तिकडे पण एक टाका," हवालदार म्हणाला. बघता बघता तो गंजका माळ पिवळा झाला. मी देवळांतून पुष्कळ हिंडलोय, पण असे हात आपोआप जोडले गेल्याचं आठवत नाही.

मग काकीने चाकाखाली लिंबू ठेवलं.

"ओ, जप्तीची गाडी हलवायची नाही," साहेब म्हणाले.

"लिंबू चिरडल्याशिवाय पूजा पुरी होत नाय, साहेब. तुमच्या जीपने चिरडलंच असेल ना?"

साहेबांनी अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. म्हणाले, "वीतभर. त्याच्या पुढे नाही."

मग एकेकाने चावी फिरवली. पहिला टेम्पो मुका. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या जागी भोक. दुसऱ्याचंही तेच. तिसरी रिक्षा खोकली आणि वीतभर सरकली, टाळ्या पडल्या. मग पुन्हा एक भोक. प्रत्येक बॉनेटपाशी साहेब स्वतः वाकून बघत होते आणि त्यांची मान खाली खाली चालली होती.

"सोमवारी या सगळे," ते म्हणाले. "हमीपत्र लिहून द्या आणि सुनावणीपर्यंत गाड्या घरी न्या. आदेशात तशी सोय आहे, वापरत कोणी नव्हतं. आदेश मी काढलेला नाही. पण यार्ड माझं आहे."

आदेश अजूनही आहे. त्याच्याशी आमचं कोर्टात भांडण चालू आहे.

त्या सकाळी शेवटी राहिली होती काकीची व्हॅन. काकी आत बसली. तिने पदर खोचला, डोळे मिटले, चावी फिरवली. खर्र. पुन्हा खर्र. तिसऱ्या वेळी एवढा मोठा खर्र झाला की मला वाटलं, संपलं. आणि व्हॅन सुरू झाली! धूर, थरथर, बॉनेटवरचा हार नाचतोय, घरघर चढत चाललीय. मी पार विरघळून समोरच उभा. हात जोडलेले, डोळे भरलेले.

काकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाजूक हो रे मेल्या! लिंबू चिरडूचा आसा, तुका नाय!"